संकासुराची चाल

शिमग्यात संकासुराचा काळा झगा आणि मुखवटा घातलेल्या कुणीतरी राहीच्या नवऱ्याला कोयत्याने मारलं. "तो सागरच, मी चालीवरून ओळखला," असं राहीने कोर्टात सांगितलं आणि माझ्या लेकाला जन्मठेप झाली. आता हायकोर्टात अपील आहे, म्हणून वकीलबाई गुहागरला आमच्या घरी आल्या.

"काकी, राही खोटं बोलली असेल का?"

"असेल काय? धडधडीत खोटं बोलली! माझ्या लेकाची चाल तिला काय कळणार? पोटात तिने वागवलाय की मी?"

बाईंनी मोबाइलवर शिमग्याचा व्हिडिओ लावला. सागरला नेल्यापासून मी शिमगा बघितलेला नाही, म्हणून डोळे फाडून बघायला लागले. देवळासमोर भर उन्हात दोन संकासूर नाचत होते.

"यातला सागर कुठला?"

"हा काय! डावा खांदा पाडून चालतो, अगदी बापासारखा. विचारायला लागतं होय?"

"नक्की?"

"गो बाय, आई आहे मी त्याची. देवीपुढे नारळ ठेवून सांगते."

बाई म्हणाल्या, "काकी, हा व्हिडिओ यंदाचा आहे. सागर तेव्हा तुरुंगात होता."

मी मोबाइल ओढून घेतला आणि पुन्हा बघितलं. तरी तो मला सागरच दिसत होता.

"वकीलबाई," मी म्हटलं, "कोर्टात राहीला खोटारडी म्हणू नका. तिलाही तो असाच दिसला असेल."