दुसऱ्याच्या पायांनी

टूथब्रशचा अर्धा दांडा कापून दाताच्या डॉक्टरने उरलेला ब्रश तराजूवर ठेवला. चार ग्रॅम वाचले.

"जीभ पण कापा थोडी," बायको म्हणाली. "बरंच वजन कमी होईल."

उद्या सकाळी तो निघणार होता. आठशे किलोमीटर, संताच्या कबरीपर्यंत, पायी. रविवारी मिस्सानंतर फादरने त्याला सगळ्यांसमोर उभं करून आशीर्वाद दिला होता. डॉक्टरने मान लववली होती, पण फोटोत चेहरा येईल इतकीच.

झोपायची पिशवी, सहाशे ग्रॅम. रेनकोट, दोनशे दहा. जपमाळ, आईची लाकडी, एक्केचाळीस. ती खुंटीवर गेली. प्लॅस्टिकची घेतली, नऊ.

मेव्हणा. त्याचं वजन या घरात कुणीच धरत नव्हतं.

मेव्हणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. वय त्रेचाळीस. कारखाना बंद पडला तेव्हा एक ट्रंक घेऊन आला आणि जिन्याखालच्या खोलीत राहिला. डॉक्टरचे बूट नवे होते. नवे बूट चावतात, आणि डॉक्टरला चालायला वेळ नव्हता. दोघांच्या पायाचा नंबर एकच.

"तसाही बसून खातोस," महिन्यापूर्वी डॉक्टर बूट त्याच्यापुढे सरकवत म्हणाला होता, "आता महिनाभर चालून खा."

हा बागेत बसून परत येईल, म्हणून पुरावाही मागितला. यात्रेकरू वाटेवरच्या चर्चचे शिक्के पुस्तिकेत घेतात, तसा रोज एक शिक्का. चर्च नऊ किलोमीटरवरचं. पुस्तिका नाही, शाळेची वही.

"जन्मभर लोकांचे दात काढले," बायको तेव्हा म्हणाली होती, "आता बुटांचे दात काढायला माझा भाऊ." पण भावाला तिने थांबवलं नाही. तेवढेच पाच तास तो घरात दिसत नसे.

आज मेव्हण्याने बूट पॉलिश करून टेबलावर ठेवले. शेजारी वही. तीस निळे शिक्के. डॉक्टरने एकही पान सोडलं नाही. मग बूट चढवले, दारापर्यंत गेला. परत येताना लंगडत होता. बूट टाचेला चावत होता. डाव्या बाजूला चामड्यात खड्डा पडला होता, भलत्याच अंगठ्याच्या मापाचा.

"ज्याने घातले त्याच्या पायाचे झाले ते, दाजी," मेव्हणा म्हणाला. "दुसऱ्याच दिवशी सांगायला आलो होतो. तुम्ही पेशंट बघत होता. हातानेच 'जा' अशी खूण केलीत."

डॉक्टर खाली बसला. फोटो चर्चच्या फळ्यावर लागला होता. दवाखान्याच्या दारावर पाच आठवडे बंदची पाटी टांगली होती. मग त्याला काहीतरी सुचलं. त्याने स्वतःची कोरी पुस्तिका मेव्हण्यापुढे सरकवली.

"तूच जा. माझ्या नावाने. खाणंपिणं माझ्याकडे. मी घरातच राहतो, पडदे ओढून. शिक्के तेवढे चुकवू नकोस."

"आणि देवाला काय सांगणार?" बायकोने विचारलं.

"देव काय पायाचा नंबर बघतो?"

बायकोने भावाकडे पाहिलं. तो हो म्हणणार, यात तिला शंका नव्हती. तो नेहमीच हो म्हणायचा. पाच आठवडे जिन्याखालची खोली मोकळी, तिथे लोणच्याच्या बरण्या ठेवता येतील, इथवर ती पोचलीसुद्धा.

मेव्हण्याने पुस्तिका उघडली. नाव वाचलं. मिटून तराजूवर ठेवली. मग जिन्याखाली गेला आणि ट्रंक घेऊन बाहेर आला. पायांत त्याच्या जुन्या चपला होत्या.

"अरे, बूट घाल की," डॉक्टर म्हणाला. "आणि ही ट्रंक कशाला?"

"चर्चमध्ये शिक्का मारणाऱ्या बाई आहेत ना, त्यांच्या भावाचं गॅरेज आहे. लेथवर माणूस हवा होता. राहायला खोलीही देतात." त्याने दार उघडलं. "पंधरा दिवस झाले ठरून. तुम्हाला महिना कबूल केला होता, म्हणून थांबलो."