घंटेचा घेर

चौऱ्याऐंशीव्या पायरीवर बाबा बसले ते बसलेच. इथपर्यंत दोन्ही बाजूंना कातळ होता. इथून पुढे डाव्या हाताचा कातळ संपला होता आणि त्याच्या जागी नुसता समुद्र होता. दिसायला खूप खाली, पण आवाज अगदी कानाशी.

“गुडघे दुखतात?” मुलीनं विचारलं.

“गुडघे कसले दुखतात! तुझ्यापेक्षा बरे आहेत.” बाबांनी मागेपुढे कोणी नाही ना ते पाहिलं. “मला भीती वाटते. चाळीस वर्षं मी इथंच बसतोय. देवळात काही मी कधी गेलेलो नाही.”

दरवर्षी तिला मावशीकडे सोडून आई-बाबा इथं यायचे, आणि मग पुढचे सहा महिने बाबा देवळाच्या गोष्टी सांगायचे. घंटा केवढी, तर दोन माणसं आत आरामात बसतील एवढी. देवाचे डोळे शिंपल्यांचे, आणि ते पार खालच्या पायरीवर बसलेल्या माणसाकडेसुद्धा बघतात.

“म्हणजे देवळाची गोष्टही थापच!”

आता तिचंही काही चुकलं नव्हतं. बाबांची हयात लोकांचे केस कापण्यात गेली होती, आणि गिऱ्हाइकाची मान वस्तऱ्याखाली असल्यावर हरकत घेणार कोण? वादळात आपलं दुकान तीन गल्ल्या उडत गेलं, तरी हातातली दाढी आपण अर्धवट सोडली नाही, हे त्यांनी इतक्या वेळा सांगितलं होतं की शेवटी शेवटी त्या गिऱ्हाइकालाही ते आठवायला लागलं होतं. आणि अशा माणसाच्या पोटी ही जमिनीची मोजणी करणारी मुलगी. लग्न ठरताना नवऱ्यानं सांगितलेली उंची प्रत्यक्षात एक इंच कमी भरली, ते ती अजून विसरलेली नव्हती.

“थाप नाही,” बाबा एकदम कळवळून म्हणाले. “वर तुझी आई जायची. मग खाली येऊन इथं, अशी शेजारी बसून मला सगळं सांगायची. मी त्यात पदरचं काही घातलेलं नाही, बाई. सबंध आयुष्यात एवढी एकच गोष्ट आहे जिला मी तिखटमीठ लावलं नाही. आणि ती काय खोटं बोलणारी होती का?”

ती नव्हतीच. दवाखान्यात सुई टोचताना एवढ्याएवढ्या पोरांनाही ‘दुखणार आहे’ असं तोंडावर सांगणारी नर्स होती ती.

“या खेपेला ती नाही,” बाबा म्हणाले. “तेव्हा तू जाऊन ये. सगळं आहे ना जागच्या जागी, तेवढं बघ. आणि खाली येऊन सांग.”

मुलगी पायऱ्या चढून गेली.

देऊळ एका खोलीएवढं होतं. दारात घंटा होती, पाणी प्यायच्या पेल्याएवढी. हाताला सवय, तिनं पिशवीतून टेप काढून लावलासुद्धा. घेर सव्वानऊ इंच. आत देव होता, पण खाऱ्या वाऱ्यानं त्याचं नाक झिजलं होतं, आणि डोळे तर कधी होते की नाही कोण जाणे.

“आधी मोठी घंटा होती का हो इथं?” तिनं पुजाऱ्याला विचारलं.

“माझ्या आजोबांच्या आधीपासून हीच आहे. का? वाजली नाही का?”

“वाजली,” ती म्हणाली.

बाहेर येऊन ती कठड्याशी उभी राहिली. सगळीकडून पाणीच दिसत होतं. एका टोकाला, जिथं पुजाऱ्यानं बादली पालथी घातली होती, तिथूनच तेवढा पायऱ्यांचा एक तुकडा दिसत होता. त्यावर बाबा होते, नखाएवढे. मान वर करून ते हात हलवत होते. थोडा वेळ हलवायचे, थांबायचे, आणि मग काय मनात यायचं कोण जाणे, परत हलवायचे. तिनंही हात वर केला. तो त्यांच्या म्हाताऱ्या डोळ्यांना दिसणार नाही हे माहीत असूनही बराच वेळ तसाच ठेवला.

ती खाली आली तेव्हा बाबा कातळाकडे सरकले होते. शेजारी एका माणसापुरती जागा झाडून ठेवली होती. ती तिथं बसली.

“हं,” बाबा म्हणाले.

“खालचं दिसतं वरून. तुम्ही हात हलवत होता. तीनदा थांबलात आणि परत हलवायला लागलात.”

“दिसलं ना?” बाबांचा चेहरा असा उजळला, जणू कोणी त्यांना वादळातली ती दाढी आपल्या डोळ्यांनी पाहिल्याचं सांगितलं असावं. “ती म्हणायचीच. आणि डोळे?”

“शिंपल्यांचे.”

“आणि घंटा?” बाबांनी जरा भीतभीतच विचारलं. “आहे ना तेवढी? का तिनं आपलं माझं मन राखायला...”

नवऱ्याला एक इंच माफ न केलेल्या त्या बाईनं पिशवीतून टेप काढला आणि मांडीवर ठेवला.

“मोजून आलेय मी, बाबा. एकोणीस फूट चार इंच घेर आहे. दोघं कसली, तिघं आरामात बसतील आत. आई कमीच सांगत होती.”