कोल्फ्रेद्दोत थांबायला मनाई

कोल्फ्रेद्दो गाव मेलं, असं तुम्हीच सांगितलंत, सरकारी साहेब. भूकंपानंतर वेशीवर लोखंडी जाळी तुम्हीच ठोकलीत. घरातलं पांघरूण आणायला निघालेल्या बायकांना तुम्हीच हाकललंत. आत गेलात तर जीव जाईल, म्हणालात. मग सायकलच्या शर्यतीसाठी त्याच गावातून, शेकडो वर्षांच्या दगडी फरसबंदीवर, डांबर कसं ओतलंत?

त्याच गावच्या नाझारेनोनं हे कुणाला विचारलं नाही. त्यानं शर्यतीत नाव घातलं. जाळीच्या आत जायचा दुसरा मार्गच नव्हता. वय साठीला टेकलेलं, सायकल त्याहून थोडीच लहान, पण पोटऱ्या अजून दगडासारख्या. शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी त्याला घर पाडायला संमती द्यायची होती. रस्त्याकडची भिंत फुगलीय, आतला मजला खचलाय, असं तुमची माणसं त्याला, भूकंपानंतर खाली सपाटीवर मिळालेल्या सरकारी लाकडी खोलीत येऊन सांगून गेली होती. स्वतःच्या डोळ्यांनी बघायला मात्र मनाई.

"भिंत तेवढी बघून या," बायको एलिदे म्हणाली होती. "पडली असेल तर सही करा, मी रडणार नाही. उभी असेल तर मग त्यांचं काय करायचं ते मी बघते."

घाट चढताना त्याचा जुना सोबती फेर्रुच्चो पुढे होता. तो नेहमीच पुढे असायचा, आणि तोंडानं त्याहून पुढे.

"येताय ना आजोबा? की खाटलं पाठवू?"

"तू पुढं बघ. तुझं बूड बघून माझी भूक मेली."

"हा चढ माझ्या सासूसारखा आहे रे. संपला संपला म्हणावं, तर वळणावर पुन्हा उभा."

माथ्यावर वारा होता. खाली साऱ्या अभयारण्याचे डोंगर एकामागे एक निळे होत गेलेले. उतारावरचा गार वारा छातीत भरू नये म्हणून दोघांनी घडी घातलेलं वर्तमानपत्र सदऱ्याच्या आत सरकवलं आणि उताराला लागले.

उतारावर एकच नियम. पुढच्याच्या मागच्या चाकावरून नजर काढायची नाही. काढली की आपण आडवे, आणि आपल्यामागचे आपल्यावर. तरुणपणापासून नाझारेनोनं हा नियम मोडला नव्हता. झाडी मागे पडली. वेशीची कमान डोक्यावरून गेली. दगडी बोळाचा गारवा अंगाला लागला, नव्या डांबराचा वास आला, एक वळण, दुसरं वळण, मग अंगावर ऊन. त्यानं मान वर केली तेव्हा समोर गावाखालची दफनभूमी होती.

गाव मागे राहिलं होतं. घरही.

त्यानं करकचून ब्रेक दाबले.

"काय रे? पंक्चर?" फेर्रुच्चो ओरडला.

"घर बघायचं राहिलं."

"राहिलं? दारावरून तर गेलो आपण! मग तू बघत काय होतास?"

"तुझं चाक."

फेर्रुच्चो डोकं हलवत पुढे निघून गेला.

नाझारेनोनं सायकल खांद्यावर टाकली आणि भिंतीच्या कडेकडेनं उलटा वर निघाला. बुटांचे खिळे डांबरात रुतत होते. समोरून येणारे त्याच्या आईचा उद्धार करत खाली जात होते. गावाच्या खालच्या कमानीपाशी पिवळं जाकीट घातलेला तार्चीझियो उभा होता. एकेकाळी साऱ्या गावाचे केस कापायचा. आता शर्यतीच्या वाटेवर पहारा देत शिट्टी वाजवत होता.

"उलटा कुठं चाललास, गड्या? मरायचंय?"

"घरी."

"घरी म्हणे! इथून जायला परवानगी आहे. थांबायला नाही."

"थांबत कुठं आहे? चालतोय."

"चालायलाही नाही. सायकलवर बस आणि सूट खाली. कुणी बघितलं तर माझं जाकीट काढून घेतील रे."

"तू माझा नंबर काढून घे. मग मी शर्यतीत नाही. झालं?"

त्यानं पाठीवरचा नंबर ओढून फाडला आणि तार्चीझियोच्या हातात कोंबला. तार्चीझियोचं स्वतःचं घर पहिल्याच हादऱ्यात बसलं होतं. त्यानं ती चिंधी जाकिटाच्या आत सरकवली. मग शिट्टी खिशात टाकून बाजूला झाला.

दुसऱ्या वळणावर घर होतं. उभं. नाझारेनोनं रस्त्याकडच्या भिंतीवर तळवा ठेवला आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फिरवत नेला, घोड्याच्या मानेवरून फिरवावा तसा. फुगवटा नव्हता. ओळंबा सोडला तरी सुताचा फरक पडू नये इतकी भिंत सरळ होती. दार सताड उघडं होतं आणि ते मिटू नये म्हणून त्याला एलिदेची शिवणाची खुर्ची लावली होती.

वरून टाळ्यांचा आवाज आला. त्यानं मान वर केली. त्याच्या गॅलरीत माणसं दाटीवाटीनं उभी होती. कोट घातलेली, गळ्यात पाहुण्यांचे बिल्ले, हातात वाईनचे पेले. मागे आतल्या खोलीत आणखी काही जण, खचलेल्या म्हणे त्या मजल्यावर, टाचा उंच करून डोकावत होते. आणि सगळ्यांच्या पुढे, कठड्यावर कोपर टेकून, तुम्ही होतात.

"ओ, बाजूला व्हा!" तुम्हीच ओरडलात. "शर्यत येतेय, दिसत नाही का?"

नाझारेनो बाजूला झाला नाही. वरून येणाऱ्या सायकलींचा घोंगावता आवाज बोळात शिरला होता. त्यानं खांद्यावरची सायकल खाली घेतली आणि रस्त्यात आडवी ठेवली. तुमच्यातले दोघं-तिघं घाबरून, त्याला हटवायला जिन्याकडे वळले.

"उतरू नका," तो म्हणाला. "आहात तिथंच, सगळे उभे राहा. आणि तिथूनच सांगा. माझ्या घराची कुठली भिंत पडलीय?"