आरसा घरी राहिला तेव्हा

हसा हवं तर, पण त्या दिवशी ढोल मीच वाजवत होतो. आमच्या कण्णूरकडे तेय्यम, म्हणजे देवाचं सोंग घेऊन, नाचणारा चेहरा रंगवून झाला की आरशात बघतो, आणि देव त्याच्या अंगात येतो. केळुमामा चेहरा रंगवून, मुकुट चढवून देवराईत बसले होते. शेजारी त्यांचा भाचा प्रजीश जुन्या लॅपटॉपवर नवी सिस्टीम चढवत होता.

"कंपनी म्हणते, हे यंत्र ती पेलणार नाही," प्रजीश म्हणाला.

"मग रे?"

"कंपनीची तपासणी चुकवायची, मामा. चढते गुमान."

"आणि देव घे म्हटलं की तुझंच अंग पेलत नाही! माझ्यामागे कोण आहे, लेका?"

"मला सोडा, मामा. मला नाही जमायचं."

तेवढ्यात कळलं, आरसा घरीच राहिला. मुहूर्त टळत होता. लॅपटॉप नुकताच बंद होऊन पुन्हा सुरू व्हायच्या बेतात होता, पडदा काळाकुट्ट.

"चालेल हा," म्हणत मामा भाच्याच्या खांद्यावरून वाकले. काळ्या काचेत दोन चेहरे उमटले, एक रंगवलेला, एक कोरा.

मी ढोल टिपेला नेला. मामा जागचे हलले नाहीत. प्रजीश मात्र थरथरत उठला आणि जीन्समध्येच, देवाच्या आवाजात लोकांना कौल देऊ लागला. म्हाताऱ्या रडत त्याच्या पाया पडल्या.

जन्मभर अंगात वागवलेल्या देवाला मामा पहिल्यांदाच समोर बघत होते. त्यांनी मुकुट उतरवला, हात जोडले.

"देवा, मग आता माझ्या अंगात कोण आहे?"