अर्थ, वाक्य आणि थोबाडीत

नियम नानासाहेबांनीच घालून दिला, कारण फायदा त्यांच्याच घरी यायचा होता. सोसायटीचे चेअरमन ते, शाळेचेही तेच. आणि इंग्रजी डिक्शनरी अख्ख्या वर्गात एकट्या त्यांच्या पोराकडं, बलभीमाकडं, उस्मानाबादहून आणलेली. शब्दाचा अर्थ सांगून जो वाक्यात उपयोग करील, त्यानं न येणाऱ्यांच्या थोबाडीत द्यायची. वर्षभर हात बलभीमाचा चालला, गाल बाकीच्यांचे सुजले.

बहात्तरच्या दुष्काळात गुरुजींनी फळ्यावर शब्द लिहिला, ड्रॉट. बलभीमाच्या विहिरीला पाणी होतं, त्याला अर्थ आठवेना. बौद्धवाड्यातली गौतमी उठली. बापाला भाकरी द्यायला गेल्यावर खडीच्या कामावर साहेबांच्या तोंडी तिनं हाच शब्द ऐकला होता.

"ड्रॉट म्हणजे दुष्काळ. बिकॉज ऑफ ड्रॉट माय फादर ब्रेक्स स्टोन्स."

मग ती बलभीमापुढं उभी राहिली. गुरुजी खिडकीबाहेर बघू लागले.

"नियम तुझ्याच दादांचा हाय," ती म्हणाली आणि अशी ठेवून दिली, की त्याचा ओठ फाटला.

संध्याकाळी तिचा बाप पिराजी कामावरून आला तो रक्ताळलेल्या तोंडानं. नानासाहेबांच्या माणसांनी त्याला हातोड्याच्या दांड्यानं हाणलं होतं. उजवा गाल सुजून डोळा झाकला होता.

"आबा, उद्यापास्नं म्या गप बसते," गौतमी रडत म्हणाली. "येत असलं तरी सांगत न्हाय."

पिराजीनं हंड्याच्या तळचं पाणी घेऊन चूळ भरली. रक्त अंगणात थुंकलं.



"उद्याचा शब्द पाठ कर. डावा गाल अजून शाबूत हाय माझा."