रॉब आणि स्टील

"बंब? अहो, मी आंघोळच गार पाण्याने करतो," तिसऱ्या दिवशीही महिपत चौकीत हेच सांगत होता. निवृत्त इंग्रजी शिक्षक घोरपडे सरांचा तांब्याचा बंब भर सकाळी अंगणातून गेला होता, तोही पेटता, आणि वाटेत पाण्याचा थेंब सांडला नव्हता. एवढी सफाई तालुक्यात एकट्या महिपतची. पण पुरावा नव्हता, म्हणून फौजदार त्याला सोडणार होते.

तेवढ्यात सरांनी इंग्रजीत नवी तक्रार आणली आणि मोठ्याने वाचली, "महिपत रॉब्ड मी."

महिपत ताडकन उठला. "रॉब्ड? सर, आठवीत तुम्हीच शिकवलंत. धाक दाखवून लुटलं तर रॉब, नकळत उचललं तर स्टील. माझं चुकलं तेव्हा बाकावर उभं केलंत."

"आता वय झालं रे. दोन्ही एकच की."

"एकच कसं? वीस वर्षांत मी कुणावर आवाज चढवला नाही. त्या दिवशीसुद्धा तुम्ही पूजेत होता, तुमच्या घंटीचा ठेका मी चुकू दिला नाही. आणि मला दरोडेखोर ठरवता? खोडा ते. स्टोल लिहा."

सरांनी मुकाट्याने खोडलं आणि वर स्टोल लिहिलं. फौजदारांनी पेनाचं टोपण काढून महिपतचा जबाब लिहायला घेतला.

महिपत मटकन खाली बसला. "सर, हे चीटिंग आहे."

"चीटिंग नव्हे, ट्रिक," सर म्हणाले. "दोन्हींत फरक आहे. नीट बस, सांगतो."