चौक लिहिणारा हात

कुडाच्या भिंतीवर सदतीस माणसं होती, दोन ताडाची झाडं आणि एक घोडा. मधली चौकट, म्हणजे लग्नाचा चौक, आणि त्यातली देवी अजून व्हायची होती. मुंबईहून आलेल्या गॅलरीवाल्या कोठारेंनी दोनदा मोजून पाहिलं. सुकरीनं मान वळवली नाही. तांदळाच्या पिठाच्या वाटीत काडी बुडवून ती लिहीत राहिली. परवा या शेजारघरात लग्न होतं.

"राजाचं राज्य गेलं, आता ह्याचं आलं," तिची सासू पोशी कोठारेंकडे बोट दाखवून दाराबाहेरून म्हणाली. नवरा गेल्यापासून पोशी पिठाच्या वाटीला शिवली नव्हती. चौक किंवा पिठाचं कुठलंही चित्र लिहायचं तर कपाळी कुंकू हवं. पोशेरा गावात हे कुणाला सांगावं लागत नसे.

"नाशिकच्या व्यापाऱ्याला चित्रं देणार आहेस म्हणे," कोठारे म्हणाले.

"देईन. मागंल त्याला देईन."

"मुंबईत तुझं नाव कुणी केलं?"

"नाव माझ्या बापानं ठेवलं." लग्नघरात जमलेल्या बाया खुदखुदल्या.

कोठारे हसले नाहीत. सुकरीची अकरा चित्रं त्यांच्या गॅलरीत वर्षभर टांगलेली होती. तशीच दुसरीकडे ढिगानं मिळू लागली, तर त्यांच्याकडची कुणी घेणार नव्हतं आणि गॅलरीला कुलूप लागणार होतं.

"माझ्या नवसूला हमालीला नेलंस," पोशी ओरडली. "होळीला पण धाडला नाय पोराला. आधी त्याला आण, मंग बोल माझ्या सुनंशी!"

कोठारेंनी मान खाली घातली. मग त्यांनी पिशवीतून एक सदरा काढला. खांद्यावर सुकरीनंच लावलेलं लाल ठिगळ होतं.

"तेच सांगायला आलो होतो, बाई. जीभ रेटेना. गोदीत पेटी उतरवताना दोर तुटला. तिकडचं सगळं आम्हीच उरकलं."

सुकरीच्या हातातली काडी पडली. पोशीनं हंबरडा फोडला. थोड्या वेळानं तीच उठली आणि सुनेचा हात धरून उंबऱ्यावर बांगड्या फोडल्या. कुणीतरी पिठाची वाटी उचलून सुकरीपासून लांब नेली.

तिसऱ्या दिवशी कोठारे मुंबईला पोचले. गॅलरीचं दार नवसूनं उघडलं. अंगात नवा, सैल सदरा होता.

"साहेब, जुना सदरा दिला ना घरी? गोधडीला लागंल तिला."

"दिला. उद्या पेट्या घेऊन कलकत्त्याला निघ. वर्षभर तिकडंच राहायचंय."

सुकरीच्या चित्रांखालच्या पाटीवर 'एकूण चित्रे' यापुढची जागा आजवर कोरी होती. कोठारेंनी तिथं लिहिलं: अकरा.